रिसाल्यात गेलेला माणूस

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आमच्या काटेवाडीच्या घरात दुधाच्या लोटीवर एक पितळी झाकण होतं. मला ते आठवत नाही, कारण १९७२ च्या दुष्काळात ते मोडीत गेलं तेव्हा मी अंगणात रांगत होतो. अब्बा सांगायचे, की ते तळहाताहून थोडं मोठं, गोल आणि चांगलं जड होतं. त्याची एक बाजू सपाट होती. दुसऱ्या बाजूला एक बाई उभी, हातात त्रिशूळ आणि पायाशी वाघ. त्रिशूळ आणि वाघ बघून आळीतल्या बायका त्याला देवीचा टाक समजायच्या आणि येता-जाता हात जोडायच्या. मुसलमानाच्या घरात देवी कशी, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही.

ती देवी नव्हती. ती ब्रिटानिया, आणि तो वाघ नसून सिंह. पहिल्या महायुद्धात मेलेल्या माणसाच्या घरी इंग्रज सरकार अशी एक काशाची चकती पाठवत असे. अशा तेरा लाखांहून जास्त चकत्या काढल्या गेल्या. चकतीवर एका चौकटीत मेलेल्याचं नाव उठावदार अक्षरात असे. फक्त नाव. हुद्दा नाही, पलटण नाही. मरणात साहेब आणि शिपाई सारखे, हा त्यामागचा विचार. विचार चांगलाच होता. पण आमच्या घरात इंग्रजी वाचणारं कुणी नव्हतं. दुष्काळात दादीनं ती चकती बारामतीला नेऊन मोडीत घातली आणि बाजरीचं पीठ आणलं. त्या चौकटीतलं नाव तिथंच गेलं.

तो माणूस माझ्या पणजोबांचा धाकटा भाऊ. घरात त्याला सगळे ‘रिसालेवाले दादा’ म्हणत. खरं नाव काय, तर अब्बा एक सांगायचे, आत्या दुसरंच सांगायची. दादी या घरात लग्न होऊन आली तेव्हा तो जाऊन बारा-पंधरा वर्षं झाली होती. तिला एवढंच ऐकून माहीत होतं, की तो दख्खनच्या रिसाल्यात होता, फरांस मुलखात गेला आणि गव्हात पडला. ‘गव्हात पडला’ हे शब्द आमच्या घरात जसेच्या तसे चालत आले आहेत. त्यापलीकडे मला वारशात काही मिळालेलं नाही, म्हणून गेली काही वर्षं मी या चार गोष्टींच्या मागं लागलो आहे. मी इतिहासाचा माणूस नाही. बी. ए. झालो तो मराठी घेऊन. कविता लिहितो. पण नाव हरवलेला माणूस कवीलाही स्वस्थ बसू देत नाही.

मराठीचा विद्यार्थी म्हणून मला आधी भेटले ते शब्द. रिसाला, रिसालदार, दफेदार, बारगीर, शिलेदार. यातला ‘शिलेदार’ हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडून उचलला आणि त्यावर आपल्या हिंदुस्थानी घोडदळाची सगळी व्यवस्था उभी केली. आपल्याकडे स्वारांचे दोन प्रकार असत. सरकारच्या पागेतला घोडा घेऊन लढतो तो बारगीर आणि स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन येतो तो शिलेदार. शिवाजी महाराजांचा भर पागेवर, म्हणजे बारगिरांवर होता. घोडा ज्याचा, त्याची मर्जी चालते, हे महाराज ओळखून होते. इंग्रजांनी उलटा हिशोब केला. स्वारानं भरती होताना घोड्यापोटी रक्कम भरायची, पगार थोडा जास्त घ्यायचा आणि त्यातून घोडा, खोगीर, कपडे, दाणा-वैरण सगळं सांभाळायचं. बंदूक आणि काडतुसं तेवढी सरकारची. दोन स्वारांत मिळून एक तट्टू आणि एक गवत कापणारा माणूस. सरकारला स्वस्तात घोडदळ मिळालं आणि थोडीबहुत जमीन-जुमला असलेल्या घरातली पोरं आपणहून आली, कारण आपल्या घोड्यावर बसून नोकरी करण्यात इभ्रत होती. पायदळाच्या शिपायाला तेव्हा महिना अकरा रुपये मिळत, आणि लोक त्याला शिपाईच म्हणत. रिसाल्यातला तो स्वार!

आमचा मुलूख तर घोड्यांचाच. बारामती, सुपे, पाटस हा भाग जुन्या भीमथडी तालुक्यातला. भीमथडीची तट्टं म्हणजे उंचीनं लहान, हाडानं काटक, मिळेल त्या कडब्यावर दिवस काढणारी आणि घाट चढताना न थांबणारी. मराठ्यांची दौड झाली ती यांच्या पाठीवर. पुढं गोऱ्या साहेबाला उंच घोडे हवे झाले, ते ऑस्ट्रेलियातून बोटीनं येऊ लागले आणि आपलं तट्टू मेंढपाळांच्या बिऱ्हाडाचं ओझं वाहायला उरलं. २०२३ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं भीमथडी घोड्याची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंद केली. उशिरा का होईना, घोड्याचं नाव कागदावर आलं. माणसाचं अजून यायचं आहे.

आता दख्खनचा रिसाला. विसावी डेक्कन हॉर्स ही मूळची निजामाच्या राज्यात ठेवलेल्या हैदराबाद कंटिंजंटची पलटण. या कंटिंजंटच्या छावण्या आपल्या मराठवाड्यातच होत्या. औरंगाबाद, जालना, हिंगोली, आणि अंबाजोगाईजवळचं मोमिनाबाद. डेक्कन हॉर्समध्ये शीख आणि जाट यांच्या जोडीनं दखनी मुसलमान असत. घरात दखनी आणि शेतात मराठी बोलणारे, म्हणजे आमच्यासारखे. दुसरी पलटण चौतिसावी पूना हॉर्स. ती उभी राहिली १८१७ मध्ये, पेशवाई बुडायच्या आदल्या वर्षी, आणि बरीच वर्षं तिचा तळ आपल्या शिरूरला होता. १८५७ च्या फेब्रुवारीत इराणात खुशाबच्या लढाईत या पलटणीनं शत्रूचं एक निशाण जिंकून आणलं. निशाणाच्या टोकाला चांदीचा पंजा होता आणि त्यावर कुराणातले शब्द कोरलेले होते. तो पंजा पुढं पलटणीच्याच निशाणावर चढला. मोहरमला आमच्याकडच्या गावागावांत जे पंजे बसतात, ज्यांच्यापुढं पाटील-कुणब्यांची पोरं फकीर होतात, त्यांचाच हा भाऊबंद. तो पंजा मिरवत ही पलटण लढायला गेली आणि पुढं तुर्कस्तानच्या खलिफाच्या फौजेसमोर उभी राहिली. त्याबद्दल पुढं सांगतो.

१९१४ च्या ऑक्टोबरात या दोन्ही पलटणी सिकंदराबादच्या ब्रिगेडबरोबर फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरल्या. थंडी तोंडावर आलेली, आणि समोरचं युद्ध घोड्याचं नव्हतंच. काटेरी तारा, मशीनगन, चिखलाचे खंदक. स्वारांना घोड्यांवरून उतरवून पायदळासारखं खंदकात घातलं. पूना हॉर्सचा प्रमुख लेफ्टनंट कर्नल स्वान्स्टन २ नोव्हेंबरला मारला गेला. त्याच महिन्यात फेस्टुबेरच्या खंदकात लेफ्टनंट फ्रँक डी पास यानं जे धाडस केलं त्याबद्दल त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घोडे मागं बांधलेले आणि स्वार पुढं चिखलात, असे महिन्यामागून महिने गेले. शिलेदारी पद्धतही तिथंच मोडली. तोफेनं मारलेल्या घोड्याचा हिशोब स्वाराच्या पगारातून कसा करायचा? युद्धानंतर ती बंदच झाली.

आणि मग १४ जुलै १९१६. सोम नदीच्या रणात हाय वूड नावाचं एक रान आहे. त्या संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमाराला डेक्कन हॉर्स आणि सातवी ड्रॅगून गार्ड्स यांना घोड्यावर बसून हल्ला करायचा हुकूम मिळाला. दीड-पावणेदोन वर्षांनी त्यांना भाला हातात घेऊन घोडा फेकायला मिळाला होता. पुढं उतारावर उभं पीक होतं आणि पिकात जर्मन सैनिक दडलेले. हे स्वार त्या पिकात घुसले. काही शत्रू भाल्यानं मारले, काही पकडले. मग दोन्हीकडून मशीनगन सुरू झाल्या. रात्रभर त्यांनी ती जागा धरून ठेवली आणि पहाटे त्यांना माघारी बोलावलं. हाय वूड पुरतं हाती यायला १५ सप्टेंबर उजाडला, तोवर दोन महिने तिथं माणसं मरत होती.

ते पीक गव्हाचं होतं, हे मी वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. आम्ही ज्वारी-बाजरीची माणसं. आमच्या घरातल्या शंभर वर्षांपूर्वीच्या बायकांनी गव्हाचं शेत आपल्या मनानं कशाला रचलं असतं? तरी हा पुरावा नाही, हे मला कळतं. फ्रान्सभर गहू पिकतो. तो दुसऱ्या कुठल्याही शेतात पडला असेल. मी पंचांग मागं मोजत नेलं. १९१६ ची आषाढी त्या हल्ल्याच्या दोन-तीन दिवस आधीच झाली होती आणि दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. इकडे पंढरपुरात गोपाळकाल्याची तयारी चाललेली असणार आणि तिकडे गव्हावर चांदणं. यातनं सिद्ध काहीच होत नाही. सवयीनं मोजलं, झालं.

आता ती खलिफाची गोष्ट. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूनं युद्धात उतरला आणि हिंदुस्थानी मुसलमान शिपायापुढं पेच पडला. तुर्कस्तानचा सुलतान हा खलिफा, आणि मक्का-मदिना, करबला, बगदाद ही सगळी पाक ठिकाणं त्याच्या राज्यात. १९१६ च्या फेब्रुवारीत बसऱ्याला पंधराव्या लान्सर्स या मुसलमान स्वारांच्या पलटणीनं पुढं कूच करायला नकार दिला. ते भेकड नव्हते, फ्रान्सच्या खंदकांतूनच आले होते. त्या भूमीत आपल्याच धर्मबंधूंवर हत्यार चालवणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. चारशेहून जास्त स्वारांवर लष्करी खटला चालला आणि काळ्या पाण्याच्या शिक्षा झाल्या. पुढं त्या माफ झाल्या. आणि बाकीचे हजारो मुसलमान शिपाई लढतच राहिले. त्यांनी निमक खाल्लं होतं. यातलं बरोबर कुणाचं, हे मला आजही सांगता येत नाही. आमचा रिसालेवाला तोवर जगला असता तर काय करता? दादीला मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, ‘बेटा, त्याला कुणी विचारलं असतं तर ना!’

१९१८ च्या सुरुवातीला हे घोडदळ फ्रान्समधून पॅलेस्टाइनमध्ये हलवलं. तिथं मोकळं रान मिळालं, तिथं घोडा पुन्हा घोडा झाला. पूना हॉर्स आणि डेक्कन हॉर्स पाचव्या कॅव्हलरी डिव्हिजनच्या चौदाव्या ब्रिगेडमध्ये होत्या. त्याच डिव्हिजनच्या पंधराव्या ब्रिगेडमध्ये जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद संस्थानांचे रिसाले. २३ सप्टेंबर १९१८ ला जोधपूर आणि म्हैसूरच्या लान्सर्सनी हैफा शहर घोड्यांवरून घेतलं. एका अंगाला कार्मेल डोंगर, दुसऱ्या अंगाला नदीची दलदल, समोर तोफा आणि मशीनगन. जोधपूरच्या मेजर दलपतसिंह शेखावतांना तिथं वीरमरण आलं. माणसं आठ पडली आणि घोडे साठ. शत्रूचे तेराशेहून जास्त कैदी हाती आले. दिल्लीत तीन मूर्ती चौकात जे तीन पुतळे आहेत, ते याच ब्रिगेडचे. २०१८ मध्ये त्या चौकाच्या नावात ‘हैफा’ आलं. दर वर्षी २३ सप्टेंबरला तिथं आणि हैफातही या सैनिकांना मानवंदना दिली जाते. उत्तम आहे. पण मला कधीकधी वाटतं, की जिंकलेल्या लढाईचं स्मरण सोपं असतं. हाय वूडसारखी, रात्रीत मिळवून पहाटे सोडलेली जागा कोण आठवणार?

आणखी एक दुवा सांगतो. १९६५ च्या युद्धात परमवीरचक्र मिळालेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर पुण्याच्या शाळेत शिकले, आधी हैदराबाद लान्सर्समध्ये होते आणि रणात पडले तेव्हा पूना हॉर्सचे प्रमुख होते. घोड्यांच्या जागी रणगाडे आले होते. पलटणीचं नाव मात्र तेच राहिलं.

आता स्मारकांकडे येतो, कारण माझं काम तिथं अडलं आहे. फ्रान्समध्ये नव शापेल इथं हिंदुस्थानी सैनिकांचं स्मारक आहे. ज्यांना कबर मिळाली नाही की ज्यांचं दहन झाल्याची नोंद नाही, अशा चार हजार सातशेच्या आसपास माणसांची नावं तिथल्या गोल भिंतीवर पलटणवार कोरली आहेत. त्याचं उद्घाटन १९२७ मध्ये झालं. स्तंभावर इंग्रजी, अरबी, गुरुमुखी यांच्याबरोबर आपली देवनागरीही आहे. मी तिथं गेलेलो नाही, जाणं होईलसं वाटत नाही. पण ती सगळी नावं आता संगणकावर बघता येतात. माझ्या मुलीनं मला ती काढून दिली. डेक्कन हॉर्सची यादी आम्ही दोघांनी बोट ठेवून वाचली. अब्बा सांगायचे ते नाव घ्यावं तर एक माणूस दिसतो, आत्या सांगायची ते घ्यावं तर दुसरा. साहेबाच्या कारकुनानं आमच्या नावांची स्पेलिंगं अशी केली आहेत, की तिसराही असू शकेल. ती चकती घरात असती तर अक्षराला अक्षर लावून बघता आलं असतं. दादीला मी दोष देत नाही. पोरांच्या पोटात काही घालायचं होतं, आणि काशाला भाव होता.

पण निदान तिथं नावं आहेत. इराकात बसऱ्याला स्मारक उभारलं तेव्हा हिंदुस्थानी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा घातला. आपल्या मराठा पलटणी त्या मुलखातच मेल्या. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात घोडे मारून खायची पाळी आली होती. २९ एप्रिल १९१६ ला कूत पडलं आणि उरलेल्यांची कैदेत वाताहत झाली. सातारा-पुणे-रत्नागिरीची किती घरं यात रिकामी झाली, ते तिथल्या दगडावरून कळत नाही. युद्धातल्या मृतांची स्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानं २०२१ च्या एप्रिलमध्ये स्वतःच चौकशी करून कबूल केलं, की आफ्रिका आणि आशियातल्या लाखावर मृतांची नावानिशी आठवण ठेवलीच गेली नाही. त्यांनी माफी मागितली. शंभर वर्षांनी मागितलेली माफी कुणाच्या हातात द्यायची, हा प्रश्न आहे, पण मागितली हे बरं झालं.

इंग्रजांना नावं ठेवून आपली सुटका होत नाही. आपणही या माणसांचं काय करायचं ते कधी ठरवलं नाही. ते परक्या राजासाठी लढले, म्हणून स्वातंत्र्याच्या इतिहासात बसत नाहीत. पण त्या वेळी टिळकांसारख्या माणसानंही भरतीला विरोध केला नव्हता. लोकांना स्वराज्याचा शब्द द्या, मग माणसं देतो, असं त्यांचं म्हणणं होतं. १० जून १९१८ ला मुंबईच्या युद्धपरिषदेत ते हे बोलू लागले तेव्हा गव्हर्नर विलिंग्डननी त्यांना थांबवलं आणि टिळक सभा सोडून निघाले. म्हणजे माणसं हवी होती, त्यांचं बोलणं नको होतं. आमच्या गावाकडची पोरं मात्र ना राजासाठी गेली ना स्वराज्यासाठी. नीरेचा कालवा आला तरी सगळ्यांच्या वावरात पाणी आलं नव्हतं. धाकट्या भावाच्या वाट्याला जमीन पुरत नव्हती. पगार होता, घोडा होता. मला तरी त्यांचा अभिमान वाटतो की कणव येते, हे नक्की सांगता येत नाही. बहुतेक दोन्ही.

देशावरच्या बऱ्याच गावांत चावडीच्या, नाही तर देवळाच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली आढळते. या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांतले इतके कामी आले, एवढाच मजकूर. तीही नुसत्या आकड्यांची. कुठं तिच्यावर चुना फासलेला, कुठं निवडणुकीचं पोस्टर. आपल्या गावात अशी पाटी असली तर एकदा धुऊन बघा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, कोण गेलं होतं? आकड्यामागचं एखादं नाव अजून कुणाच्या तोंडात असेल. आमच्याकडे विचारायला उशीर झाला.

वारीतली एक आठवण सांगतो आणि थांबतो. तुकोबांची पालखी बारामतीहून आमच्या काटेवाडीत येते तेव्हा परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि पालखीभोवती मेंढ्या धावतात. घोड्यांचं गोल रिंगण मात्र पुढं, सणसरचा मुक्काम झाल्यावर बेलवाडीला. दादी थकेपर्यंत दर वर्षी बेलवाडीला जायची. मला बोटाला धरून न्यायची. रिंगणात दोन घोडे धावतात. एकावर स्वार असतो, हातात पताका घेतलेला. दुसऱ्याची पाठ मोकळी. त्यावर तुकोबा बसतात, अशी श्रद्धा आहे. घोडे गेले, की लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावतात. दादी धावायची नाही. पदर डोक्यावर घेऊन जागेवरच उभी राहायची आणि मोकळ्या पाठीचा घोडा समोरून जाताना ओठांतल्या ओठांत काही पुटपुटायची. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. विचारलं, ‘दादी, त्या घोड्यावर कुणीच का नाही?’

‘कुणी नाही असं नसतं रे,’ ती म्हणाली. ‘तू सलाम कर.’

मी केला. यंदा बेलवाडीला गेलो तेव्हा मुलीलाही बरोबर नेलं होतं. घोडा आला तेव्हा तिनं मला विचारलं, दोन नावांतलं कोणतं घ्यायचं? मी म्हटलं, दोन्ही घे.